शाळेची नोंदवही आणि अज्ञान आरोपीचा बचाव

कायद्याच्या जुन्या मराठीत वयात न आलेल्या माणसास 'अज्ञान' म्हणत आणि वयात आलेल्यास 'सज्ञान'. हे शब्द ज्याने कोणी योजले, त्याने मोठे मर्म जाणले होते. ज्याचे वय भरलेले नाही, त्यास आपण काय केले याचे पुरते भान नसते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपणावर आरोप आल्यावर कोणते शब्द बोलावेत, कोणते बोलू नयेत, कोणत्या कागदावर अंगठा करावा आणि कोणता कागद मागून घ्यावा, हेही त्यास ठाऊक नसते. फिर्यादीच्या बाजूस सरकार उभे असते. सरकारापाशी पोलीस, सरकारी वकील, प्रयोगशाळा आणि पैसा, सर्व काही असते. दुसऱ्या बाजूस एक घाबरलेला पोरगा आणि रोजंदारी बुडवून आलेली त्याची आई असते. या दोन बाजूंचा तोल राखला नाही, तर न्यायाच्या तराजूस तराजू म्हणण्यात अर्थ उरत नाही.

हा प्रश्न मुंबईपुण्याच्या मोठ्या न्यायालयांत चर्चिला जातो खरा. परंतु त्याचे खरे स्वरूप पाहावयाचे तर एखाद्या तालुक्याच्या गावी जावे. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हे असे एक गाव. जिल्ह्याच्या पूर्वेकडे हा तालुका पसरला असून वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता याच तालुक्यातील वडकीवरून जातो. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे, आणि शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. तालुक्यात गोंड, कोलाम, पारधी यांची वस्ती मोठी असून विधानसभेची जागाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. कोलामांच्या वाडीस या भागात 'पोड' म्हणतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींस विशेष दुर्बल आदिम गटांत घातले आहे, त्यांपैकी कोलाम ही एक. कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन.

समजा, अशा एखाद्या पोडावरील पोरगा कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाच्या शेतावर मजुरीस गेला आणि त्या शेतातील विहिरीवरचा मोटारपंप रात्रीतून नाहीसा झाला. संशय परक्यावर आणि गरिबावर आधी जातो, हा जगाचा रिवाज आहे. पोरग्यास ठाण्यावर आणले जाते. पहिला प्रश्न नावाचा, दुसरा गावाचा, तिसरा वयाचा. पोरगा उंचपुरा, हात कामाने राठ झालेले, ओठांवर मिसरूड फुटलेली. वय त्यास सांगता येत नाही. बापास विचारावे तर तो 'मोठ्या दुष्काळानंतरच्या पोळ्याला झाला' असे काहीतरी सांगतो. समोर लिहिणारा अंदाजाने 'वय वर्षे १९' असे लिहितो. या एका आकड्याने त्या पोरग्याचा सारा मार्ग बदलतो. सोळा लिहिले असते तर तो एका दाराने गेला असता. एकोणीस लिहिल्याने तो दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहतो.

ही दोन दारे कोणती, ते नीट समजून घेतले पाहिजे. सन २०१५ चा बालन्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या आरोपीस 'आरोपी' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणावयाचे असते. त्यास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. केंद्राच्या सन २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे त्यास बेडी घालावयाची नाही, त्यास हाताळणाऱ्या पोलिसाने गणवेश घालावयाचा नाही, आणि गुन्हा भयंकर स्वरूपाचा नसेल किंवा त्यात मोठी माणसे सामील नसतील, तर रीतसर गुन्हाही नोंदवावयाचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत टाचण करून मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा. जामीन हा नियम असून नकार हा अपवाद आहे. सुटका झाल्यास तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्यास शारीरिक, मानसिक अथवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे सकारण दिसले तरच जामीन नाकारावयाचा. फाशी आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेप या दोन शिक्षा कोणत्याही मुलास देता येत नाहीत.

मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. या दोघांत एक स्त्री असलीच पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यास असे मंडळ नेमावयाचे आहे. परंतु जिल्ह्यास एक म्हटले की ते जिल्ह्याच्या ठिकाणी आले. राळेगावाहून यवतमाळ सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, आणि पोडावरून राळेगावाच्या मोटारथांब्यापर्यंत येणे हा निराळा प्रवास. एका तारखेस आईबापांचे दोन दिवसांचे रोज बुडतात. तारखेस हजर राहिले नाहीत, तर मुलाची काळजी घेणारे कोणी नाही असे दिसते; हजर राहिले, तर घरात चूल पेटत नाही. कायदा दयाळू असला तरी दया अंतरावर असली की ती गरिबास महाग पडते.

मुलांचा न्याय निराळा असावा, ही कल्पना आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. सन १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहून निर्णय करावा, असे ठरवून टाकले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीतही हे तत्त्व तसेच ठेवले आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा १८५७ साली निघाली. अमेरिकेतील शिकागो येथे १८९९ साली मुलांचे स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे मद्रास इलाख्याने १९२० साली, बंगालने १९२२ साली, मुंबई इलाख्याने १९२४ साली आणि मध्यप्रांताने १९२८ साली मुलांसंबंधीचे कायदे केले. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. पुढे सबंध देशास लागू होणारा बालन्यायाचा कायदा १९८६ साली झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अज्ञान मानली होती; २००० सालच्या कायद्याने दोघांसही अठरा वर्षांची एकच मर्यादा घातली.

त्याच काळात, एकीकडे मुलांस ही माया दाखविली जात असता, दुसरीकडे सन १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा चालू होता, हे विसरता कामा नये. या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पाळण्यातील मुलावरही तो शिक्का बसे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून त्या जमातींस 'विमुक्त' म्हणतात. परंतु कागदावरचा शिक्का पुसला तरी मनावरचा पुसावयास फार काळ लागतो. चोरी झाली की अमक्या बेड्यावर धाड घालावी, ही सवय कायद्याने लावली आणि कायदा गेल्यावरही ती मागे उरली. अज्ञान आरोपीच्या बचावाचा विचार करताना ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: त्याचे वय लहान असते, इतकेच नव्हे, तर त्याची जात, त्याची भाषा आणि त्याचे दारिद्र्य हीही त्याच्या विरुद्ध साक्ष देण्यास उभी असतात.

याचे दाखले शोधण्यास दूर जावे लागत नाही. जून २००३ मध्ये नाशिक परिसरात एका बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडून पाच माणसे मारली गेली. गुन्हा अमानुष होता, यात शंका नाही. त्यासाठी भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांस फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली पुन्हा सहाही जणांस फाशी दिली. पुढे तोच खटला फेरविचारासाठी पुन्हा उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचा निकाल दिला. जिवंत राहिलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या चित्रसंग्रहातील चार निराळ्याच माणसांकडे बोट दाखविले होते. त्यांची चौकशीच झाली नव्हती. सहा जणांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हेही २०१२ साली, म्हणजे त्याची फाशी कायम झाल्यावर, सिद्ध झाले. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश केला आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेण्यास सांगितले. परंतु सोळा वर्षे कोणत्या खजिन्यातून परत द्यावयाची?

दुसरा दाखला याहून मनास चटका लावणारा आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात पाच स्त्रिया आणि दोन बालके मारली गेली. या प्रकरणी राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका तरुणास सज्ञान धरून १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच्या आयुष्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली, आणि अखेर तो नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. तेथे त्याने शिक्षण घेतले आणि पदव्युत्तर परीक्षाही दिली. सन २०१८ मध्ये त्याने अर्ज केला की, गुन्ह्याच्या वेळी आपण अज्ञान होतो. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांस चौकशी करण्यास सांगितले. राजस्थानातील त्याच्या गावच्या सरकारी शाळेची नोंद पाहिली गेली. तीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद ग्राह्य धरली आणि त्याच्या सुटकेचा आदेश दिला. मुलास जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ बंदिवासात राहिला आणि त्यातील कितीतरी वर्षे फाशीच्या छायेत.

या निकालाचा अर्थ त्या घरातील सात जिवांचे मोल कमी झाले, असा मुळीच नाही. तो इतकाच की, ज्या प्रश्नाचे उत्तर अटकेच्या दिवशी एका पत्राने मिळाले असते, ते मिळविण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. गावच्या शाळेत ती नोंदवही तोवर कपाटात पडून होती. तिने काही लपविले नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते. बचावाच्या वकिलाचे पहिले काम मोठी भाषणे करणे नव्हे. शाळेस जाऊन ती वही उघडून पाहणे, हे होय.

म्हणून वयाचा पुरावा कोणता, याविषयी कायद्याने घालून दिलेला क्रम प्रत्येक घरात ठाऊक असावा. पहिला मान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या दाखल्यास, अथवा शालान्त परीक्षेच्या मंडळाच्या प्रमाणपत्रास. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांनी दिलेला जन्माचा दाखला. हे काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आणि या तपासणीत दोन्ही बाजूंस दोन वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे न्यायालयांनी १९८२ सालीच मान्य केले आहे. आधारपत्रावरील जन्मतारखेस हा मान नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यास आधारपत्राहून श्रेष्ठ मानले. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, अज्ञानत्वाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा काढता येतो. ही तरतूद नसती, तर नागपूरच्या त्या बंद्यास दार उघडले नसते.

शाळेच्या नोंदवहीस इतके महत्त्व आले म्हटल्यावर ती लिहिणाऱ्या हाताचा विचार करणे ओघानेच येते. विदर्भात तिला 'दाखल-खारीज रजिस्टर' म्हणतात. जुन्या काळी गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल-बुकात होत. आजही जातीच्या दाखल्यासाठी लोक आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल-बुकाची नक्कल शोधत फिरतात. परंतु पोडावर जन्मलेल्या मुलाची नोंद कोठेच नसे. ते मूल प्रथम सरकारी कागदावर येई ते शाळेत नाव घालते वेळी. मास्तर विचारी, 'केव्हाचा?' बाप डोके खाजवी. मग मास्तर मुलाच्या दातांकडे, उंचीकडे पाही, सहा वर्षे मागे मोजी, आणि जून महिन्याची पहिली तारीख घाली. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणारी माणसे घरोघर आढळतात, त्याचे कारण हेच. कित्येकदा पटसंख्या भरण्यासाठी पाच वर्षांच्या मुलास सहाचे करीत. तर कित्येकदा पुढे नोकरीत वर्ष-दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून आठाच्या मुलास सहाचे लिहीत.

त्या वेळी यात कोणास काही वावगे वाटत नसे. परंतु दहा-बारा वर्षांनी तीच तारीख न्यायालयापुढे येते. एक वर्ष जादा लिहिले गेले असेल, तर सतरा वर्षांचा मुलगा कागदोपत्री अठराचा होऊन मोठ्यांच्या तुरुंगाची वाट धरतो. एक वर्ष कमी लिहिले गेले असेल, तर खरोखरीचा सज्ञान गुन्हेगार मुलांच्या निरीक्षणगृहात लहान पोरांच्या शेजारी निजतो आणि फिर्यादीस न्याय मिळत नाही. अशा रीतीने एका टाकाच्या फटकाऱ्याने कोणाचे बालपण तोकडे होते, तर कोणाचे खोटेच लांबते. नोंदवही लिहिणे हे कारकुनी काम समजणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानात ठेवावे की, ती वही लिहिताना तो साक्षीदाराच्या जागी बसलेला असतो; साक्ष मात्र पुढे कधीतरी, त्याच्या माघारी वाचली जावयाची असते. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मणाऱ्या मुलांस शाळाप्रवेशापासून सर्वत्र जन्मदाखलाच प्रमाण झाला आहे. ही सुधारणा चांगलीच. परंतु मजुरीनिमित्त भटकणाऱ्या आईचे मूल वाटेत जन्मले आणि नोंद राहिली, तर त्या मुलाचे दार पूर्वीहून अधिक घट्ट लागेल, हेही तितकेच खरे.

येथे असा प्रश्न निघेल की, मंडळ जर मुलाच्या भल्यासाठीच बसते, तर वकिलाची गरज ती कोणती? बाप मुलास रागे भरतो, तेव्हा मुलास वकील लागतो काय? अमेरिकेत याच विचाराने साठ-सत्तर वर्षे मुलांची न्यायालये वकिलाविना चालली. सन १९६४ मध्ये ॲरिझोना संस्थानात पंधरा वर्षांच्या एका मुलावर शेजारणीस दूरध्वनीवर अभद्र बोलल्याचा आरोप आला. आईबाप कामावर होते. त्यांस कळविले नाही. लेखी आरोप दिला नाही. फिर्यादी बाई न्यायाधीशापुढे आलीच नाही. वकील नव्हता. मुलास एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत धाडण्याचा हुकूम झाला. त्याच अपराधास सज्ञान माणसास पन्नास डॉलरांपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद इतकीच शिक्षा होती! १५ मे १९६७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द करून ठरविले की, मुलासही आरोपाची सूचना, वकील, साक्षीदारास उलट प्रश्न आणि मौनाचा हक्क मिळालाच पाहिजे. मायेच्या नावाखाली केलेला अन्याय हाही अन्यायच.

भारतात हा विचार राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. अटक झालेल्या माणसास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क तेथे दिला आहे. परंतु हक्क असून पैसा नसेल, तर तो हक्क चित्रातल्या भाकरीसारखा. हे ओळखून १९७६ साली घटनेत ३९-अ हा अनुच्छेद घातला गेला. १९७८ साली महाराष्ट्रातीलच एका बंद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निकालाची नक्कल विनामूल्य देणे आणि अपिलासाठी वकील देणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने महाराष्ट्रातील अटकेतील माणसांसाठी आज्ञा केल्या. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ साली होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग आणि कोठडीतील बंदी या सर्वांस उत्पन्न न पाहता फुकट वकील देण्याची जबाबदारी त्याने घातली. पोडावरचा पोरगा यांपैकी एक नव्हे, तीन कारणांनी त्यास पात्र आहे.

असे असता उणीव कोठे राहते? ती तीन ठिकाणी राहते. पहिली वेळेची. वकील बहुधा न्यायालयात भेटतो; परंतु बिघडावयाचे ते त्याआधीच ठाण्यावर बिघडून गेलेले असते. वय तेथेच लिहिले जाते आणि अंगठाही तेथेच उठतो. दुसरी उणीव भाषेची. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविड कुळातील निराळी भाषा आहे. पुरावा आरोपीस समजेल अशा भाषेत समजावून द्यावा, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा पूर्वीपासून सांगतो. पण पोरगा प्रत्येक प्रश्नास 'हो' म्हणून मान डोलावतो, तेव्हा ती कबुली आहे की भीती, हे पाहण्यास त्याची भाषा जाणणारा कोणी समोर असतोच असे नाही. मुकबधिर किंवा मंदबुद्धी माणसाची गत याहून वाईट. वयाने तो तिशीचा असेल. परंतु समजुतीने आठ वर्षांचा. त्याच्या नोंदवहीत वय लपलेले नसते, समज लपलेली असते, आणि ती शोधण्यास वैद्य व धीर दोन्ही लागतात.

तिसरी उणीव लोकमताची. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे भीषण कृत्य घडले, त्यातील एक आरोपी अज्ञान होता. देशभर संताप उसळला आणि २०१५ च्या कायद्यात असे आले की, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाने त्याची समज व परिस्थिती यांची प्राथमिक पारख करावी आणि जरूर वाटल्यास त्यास मोठ्यांप्रमाणे चौकशीस पाठवावे. ज्यांचे माणूस गेले त्यांचा संताप खरा आहे, आणि बचाव मागणाऱ्यांनी तो हलका लेखू नये. परंतु त्या पारखेतच वकिलाची खरी कसोटी आहे. मुलाच्या मनाची पारख हे नाजूक काम असून त्यात मानसशास्त्राच्या जाणकाराचे साहाय्य घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी सांगितले आहे. पंधरा मिनिटांत चार प्रश्न विचारून 'मुलास समज आहे' असे लिहून मोकळे होणे, ही पारख नव्हे. आणि एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर वकिलांच्या संघाने 'या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असा ठराव करणे बेकायदा आहे, असेही त्याच न्यायालयाने २०१० साली ठरविले. वैद्य जसा रोग्याचा धर्म विचारीत नाही, तसा वकिलाने आरोपीचा लौकिक विचारू नये.

सुशिक्षित कुटुंबांस यात काय करता येईल, असे कोणी विचारील. पुष्कळ करता येईल. बाल न्याय मंडळावर जे दोन सामाजिक कार्यकर्ते नेमावयाचे असतात, त्यांस मुलांच्या आरोग्य, शिक्षण अथवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. पुष्कळ शिक्षक, शिक्षिका, परिचारिका या जागेस योग्य असतात. परंतु अर्ज करीत नाहीत. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळेचे नाव प्रसिद्ध करणे हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे केवळ वर्तमानपत्रांस नव्हे, तर भ्रमणध्वनीवरून चित्रे इकडून तिकडे धाडणाऱ्या सर्वांस लागू आहे. घरी कामास येणाऱ्या बाईचा मुलगा संशयावरून पकडला गेला, तर तिला १५१०० हा विधी साहाय्याचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा, हे दोन क्रमांक सांगावेत. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, तिच्या मुलाच्या शाळेतून जन्मतारखेचा दाखला त्याच दिवशी आणवून द्यावा. एक दुपार यात जाईल; पण ती दुपार कोणाची तरी कित्येक वर्षे वाचवील.

आणखी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. मंडळाने मुलास दोषी ठरविले तरी, मोठ्यांप्रमाणे चाललेली काही प्रकरणे सोडता, तो दोष पुढे नोकरीच्या अगर शिक्षणाच्या आड येऊ नये, आणि ठराविक मुदतीनंतर त्याचे कागद नष्ट करावेत, अशी कायद्याची आज्ञा आहे. कायदा विसरावयास तयार असतो. गाव विसरत नाही. शाळा त्यास पुन्हा वर्गात घेत नाही, मालक कामावर ठेवीत नाही, आणि मग ज्या संगतीपासून त्यास वाचवावयाचे, तीच संगत त्यास एकटी जवळ घेते. बचाव न्यायालयात संपत नाही. त्याचा पुढचा अर्धा भाग वर्गातील एका रिकाम्या बाकावर आणि शेतावरच्या रोजंदारीत लढला जातो.

मुलास सोडावे किंवा बांधावे, हा निर्णय न्यायाधीशांचा. परंतु तो निर्णय ज्या कागदावर उभा राहतो, तो कागद कोणी तरी शिक्षकाने लिहिलेला असतो, कोणी तरी वकिलाने शोधलेला असतो आणि कोणी तरी शेजाऱ्याने वेळेवर आणून दिलेला असतो. राळेगावासारख्या गावात या तीन माणसांची गाठ पडली, तर पोडावरच्या पोरग्याला यवतमाळ इतके दूर वाटणार नाही. शाळा उघडण्याच्या दिवसांत प्रत्येक मुख्याध्यापकाने नव्या वर्षाची नोंदवही उघडताना नाव घालणाऱ्या आईबापांस थोडे बसवून घ्यावे, चार जास्त प्रश्न विचारावेत, आणि मगच तारीख लिहावी. तेवढे झाले, तरी त्या मुलाच्या बचावाचे निम्मे काम आधीच झालेले असेल.